हीलर किती अंतरावर?

‘बाल्डर्स गेट 3’ या व्हिडिओ गेममध्ये जखमी सोबत्याला सावरायचे दोन साधे मंत्र आहेत. ‘क्युअर वूंड्स’ जास्त ताकदीचा. पण तो वापरायचा तर जखमीला हात लागेल इतकं जवळ जावं लागतं. ‘हीलिंग वर्ड’चा फासा त्याच्या निम्मा, पण तो अठरा मीटरवरून पोचतो आणि त्याच फेरीत हात दुसऱ्या कामाला मोकळा राहतो. नवखा खेळाडू आकडा बघून पहिला मंत्र घेतो. चार-दोन लढायांत सगळी पार्टी, म्हणजे सोबत्यांची टोळी, गारद झाली, की तो दुसऱ्याकडे वळतो. कारण या खेळात तब्येत शून्यावर आलेला माणूस लगेच मरत नाही, पडतो. दर फेरीला त्याच्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकला जातो. दहा किंवा जास्त पडले तर दान त्याच्या बाजूचं, कमी पडले तर विरुद्ध. तीन दानं विरुद्ध गेली की खेळ संपला. मरणाला असा थोडा वेळ लागतो. तेवढ्यात कोणाची मदत पोचली, तर ती केवढी मोठी होती हे गौण ठरतं. तब्येतीच्या एका अंकावर उठलेला माणूससुद्धा उठलेलाच असतो.

मरणाला लागणारा वेळ आणि मदत पोचायला लागणारा वेळ, या दोन वेळांची शर्यत मी गेममध्ये पुष्कळ पाहिली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत ती खरोखरच्या माणसांच्या बाबतीत चालते. ती जिंकायची कशी, याचं जे उत्तर तिथे सापडलं, ते जगभरच्या गेम डिझायनरांनी वाचावं असं आहे. आणि गेम खेळणाऱ्या मराठी पोरांनीही वाचावं. कारण पार्टीत कोण असावं याच्यावर ती तासन्‌तास वाद घालू शकतात, आणि हा वाद वाटतो तितका पोरकट नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ काढला. त्यात तीनच प्रकारची माणसं होती: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाचं नाव घेऊन जखमा भरणारा. गंमत अशी, की पहिल्या पायरीवरच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. आधी सोबत चालायचं, मार खायचा, मग दुसऱ्या पायरीवर बरं करायची ताकद. पुढे 1987 साली जपानी ‘फायनल फँटसी’ने खेळाडूपुढे सहा प्रकारची माणसं ठेवून त्यांतली चार निवडायला सांगितली. जखमा भरणारी पांढऱ्या झग्यातली व्हाइट मेज घ्यायची की तिच्या जागी आणखी एक तलवारवाला घ्यायचा, हा पेच तेव्हापासूनचा. 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पाचजणांच्या पार्टीचा साचा पक्का झाला: मार अंगावर घेणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि मारा करणारे तिघे.

आपल्याकडच्या गावांत हे खेळ फार नाहीत. तिथे मोबाइलवरचा बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ आहे. संध्याकाळी चौकात चार पोरं चार मोबाइल घेऊन टेकलेली दिसतात आणि मधूनच एकजण ओरडतो, “अबे रिव्हाइव्ह दे ना!” त्या खेळात वेगळा हीलर नसतो. पडलेल्याला कोणीही उठवू शकतो, फक्त त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद बसावं लागतं आणि तेवढा वेळ गोळी खायची तयारी ठेवावी लागते. फर्स्ट एड किटनं तब्येत शंभरापैकी पंचाहत्तरपर्यंतच चढते. हे सगळे नियम त्या पोरांना तोंडपाठ असतात. अंतर, वेळ, कोण कोणाच्या जवळ उभा, हा हिशेब ती सहज करतात.

आता खऱ्या जंगलात येऊ. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वनाखाली. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाकीच्या जिल्ह्याशी रस्ता तुटतो. जिल्ह्याचं ठिकाण तिथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. मलेरियाही या जिल्ह्यात फार. रुग्णाला खाटेवर किंवा झोळीत घालून नाला ओलांडायचा, पुढे पायवाट, मग डांबरी रस्ता, मग गाडी. 2014 पासून राज्यात 108 ची रुग्णवाहिका आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथून आत पोचेल असा मंत्र तिच्याजवळ नाही.

या अंतराला पहिलं मोठं उत्तर दिलं गेलं ते ‘हीलरनंच तिथे जाऊन राहायचं’ असं. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. पार्टीची रचना म्हणून या जोडीकडे बघा. प्रकाशभाऊ शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, मंदाताई भूलतज्ज्ञ. वीज नव्हती. माडिया लोक सुरुवातीला दवाखान्यात येत नव्हते. आजारी माणूस आधी गावच्या पुजाऱ्याकडे जायचा, आणि डॉक्टरांची बोली लोकांना कळत नव्हती. दोघांनी माडिया भाषा शिकून घेतली. गेममध्ये भाषेचं कौशल्य हे शेवटी उरलेले गुण घालायची जागा असते. हेमलकशात ते सगळ्यात आधी लागलं, कारण रुग्णाला काय होतंय हे त्याच्या तोंडून कळल्याशिवाय औषध कोणतं द्यायचं? 2008 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा या कामाला पस्तीस वर्षं होत आली होती.

पण अशी माणसं किती मिळतील? गावं शेकड्यांनी आणि अशा जोड्या मोजक्या. ‘जास्त बलवान हीलर आणा’ या उत्तराची मर्यादा इथेच आहे.

दुसरं उत्तर 1986 नंतर गडचिरोलीतच उभं राहिलं, आणि माझ्या मते ते जास्त खोल आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्या वर्षी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे शोधग्राम या संस्थेच्या परिसरात त्यांनी जो दवाखाना बांधला, त्याला लोकांच्या इच्छेनुसार माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. तिथे मोठ्या वॉर्डऐवजी झोपड्या आहेत. रुग्णाबरोबर त्याचे घरचेही राहतात. म्हणजे रुग्ण एकटा भरती होत नाही, त्याची पार्टी त्याच्यासोबत येते. तरीही दवाखाना हा मुख्य मुद्दा नव्हताच. लहान मुलं मरत होती ती घरी, दवाखान्यापर्यंत न पोचता.

त्यांचा एक मोठा मारेकरी न्यूमोनिया. त्याचं निदान करायला डॉक्टर लागतोच असं नाही. बाळ मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायचं: दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या मुलाचे पन्नास किंवा जास्त झाले की न्यूमोनिया समजायचा. अडचण एवढीच, की गावातली दाई, जी प्रत्येक बाळंतपणाला हजर असते, ती निरक्षर. साठपर्यंत मोजणं आणि त्याच वेळी घड्याळ बघणं तिला जमायचं कसं? म्हणून ‘सर्च’नं एक साधं यंत्र बनवलं. एका चौकटीत एक मिनिटात खाली येणारी वाळूची घटिका, आणि तारांवर ओवलेल्या मण्यांच्या दोन रांगा. तान्ह्या बाळाच्या रांगेत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. मोठ्या मुलाच्या रांगेत चार हिरवे आणि पाचवा लाल. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजणं दाईला येतं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. इथे आकडेमोड मण्यांनी केली आणि निर्णय दाईच्या हाती राहिला.

या पद्धतीनं दाया, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि पॅरामेडिक यांनी तोंडातून द्यायचं प्रतिजैविक दिलं. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे छापून आले. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या मुलांत न्यूमोनियानं दगावण्याचं प्रमाण 0.8 टक्के होतं. जिथे ही व्यवस्था नव्हती त्या भागात 13.5 टक्के. औषध काही नवं नव्हतं. तेच औषध जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतच होतं. फरक पडला तो ते देणारा हात कुठे होता, त्यानं.

मग नवजात बाळं. ‘सर्च’नं 1995-96 मध्ये 39 गावांतल्या घरी जन्मलेल्या बाळांवर लक्ष ठेवलं, तेव्हा असं दिसलं की निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या महिन्यात उपचारांची गरज होती. ते मिळाले फक्त 2.6 टक्के बाळांना. पार्टीत हीलर नव्हताच, असा याचा अर्थ. म्हणून प्रत्येक गावातली थोडी शिकलेली एक बाई निवडून तिला आरोग्यदूत केलं. बाळंतपणाला दाईच्या बरोबरीनं ती हजर राहायची. तिच्या पिशवीत तापमापक, बाळाचं वजन करायचा काटा, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देण्याचं साधन, थंडीत गुंडाळायची उबदार पिशवी आणि जेन्टामायसिनचं इंजेक्शन. पहिल्या महिन्यात ती पुनःपुन्हा घरी जायची. रडणं मंदावलंय का, दूध ओढणं कमी झालंय का, अंग गार किंवा गरम लागतंय का, नाळेला पू आहे का, छाती आत ओढली जातेय का, हे तपासायची. ठरलेल्या लक्षणांतली दोन एकदम दिसली की रक्तातला जंतुसंसर्ग धरून इंजेक्शन सुरू. पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टर गावात येऊन तिनं लिहिलेल्या नोंदी तपासायचे.

इथे गेमपेक्षा खरं आयुष्य कितीतरी बारीक आहे. गेममध्ये डोक्यावर हिरवी पट्टी असते, ती कमी होताना सगळ्यांना दिसते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पट्टी नसते. ते हळूहळू गप्प होत जातं, आणि घरातले म्हणतात, ‘झोपलंय शांत.’ ती पट्टी वाचायला शिकवणं हेच आरोग्यदूताचं खरं प्रशिक्षण होतं.

1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये याचाही अहवाल आला. या गावांत नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे 62 होता, तो तिसऱ्या वर्षात 25.5 वर आला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं. या बायकांनी इंजेक्शन द्यावं का, यावर वैद्यकीय वर्तुळात वाद झाला. तो होणारच होता. बरं करायची ताकद एकाच वर्गाच्या हाती असावी, ही समजूत फार जुनी आहे.

ती समजूत गेमच्या दुनियेतही मोडायला वेळ लागला. 2012 सालच्या ‘गिल्ड वॉर्स 2’नं वेगळ्या हीलरची सक्तीच काढली. प्रत्येक पात्राला स्वतःची जखम भरायची एक युक्ती दिली आणि पडलेल्याला कोणीही उठवावं अशी मुभा ठेवली. तेव्हा पुष्कळ जुने खेळाडू चिडले. हीलर नसेल तर शिस्त कसली, असं त्यांचं म्हणणं. 2014 च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’नं आणखी पुढचं पाऊल टाकलं. जखमा भरायचे मंत्रच जवळपास काढून टाकले. चौघांच्या पार्टीत मिळून सुरुवातीला आठ औषधाच्या कुप्या, आणि जादूगाराकडे घाव बसण्याआधीच अंगाभोवती धरता येईल असं कवच. जखम झाल्यावर धावण्यापेक्षा ती होऊच नये याची तजवीज करा, असं तो खेळ सांगतो. काही खेळाडूंना ते कंटाळवाणं वाटलं. मला ते या प्रकारातलं सर्वांत शहाणं डिझाइन वाटतं. आरोग्यदूताच्या पिशवीतली उबदार पिशवी हे असंच कवच आहे. बाळाला लगेच आंघोळ घालू नका, अंगाशी धरा, पहिलं दूध फेकू नका, हे आईला आणि सासूला गर्भारपणापासून सांगणं हेही कवचच.

दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळची माहेरघरं त्याच जातीची. दिवस भरत आलेली बाई आणि तिच्याबरोबरचं माणूस आधीच तिथे येऊन राहतं, म्हणजे पूर आला तरी ती नदीच्या योग्य बाजूला असते.

उलट बाजूचं उदाहरणही गेममध्येच घडलं. 13 सप्टेंबर 2005 रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये झुल गुरुब नावाचा नवा भाग खुला झाला. तिथला हक्कर नावाचा राक्षस खेळाडूंना ‘करप्टेड ब्लड’ नावाचा संसर्ग द्यायचा. तो त्या भागापुरता राहायला हवा होता; पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमधून तो शहरांत आला आणि कच्ची पात्रं पटापट मरू लागली. हीलर मंडळी मदतीला धावली. त्यांनी जखमा भरत ठेवल्या, माणसं जगली, आणि जगलेली माणसं गर्दीत फिरून संसर्ग पसरवत राहिली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी यावर 2007 साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये लेख लिहिला. नुसती बरं करायची ताकद पुरत नाही. कोणाला आधी बघायचं, कोणाला वेगळं ठेवायचं, कोणी कोणाला कळवायचं याची घडी लागते. गडचिरोलीतल्या त्या गावांत दाई, आरोग्यदूत, पंधरा दिवसांनी येणारा डॉक्टर आणि मागे असलेला दवाखाना अशी घडी होती, म्हणून इंजेक्शन देणारी बाई एकटी पडली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यानं या विषयात जी भर घातली ती आणखी वेगळी. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, महारोगी सेवा समितीच्या 1949 पासूनच्या कामात, रुग्ण आणि सेवा करणारा यांच्यातली रेघच पुसली गेली. बाबा आमटे कुष्ठरोगाचं शिक्षण कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये घेऊन आले होते. पण औषध हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. बोटं गेलेल्या माणसांनी विहीर खणली, शेती केली, इमारती बांधल्या, एकमेकांची शुश्रूषा केली. मला माहीत असलेल्या एकाही गेमला ही रचना अजून जमलेली नाही. तिथे जखमी माणूस हा नेहमी पार्टीवरचा बोजाच असतो, बरा होईपर्यंत. चंद्रपूर-नागपूरच्या एखाद्या तरुण गेम डिझायनरनं हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली ‘राजी’ हा भारतीय कथेचा खेळ जगापुढे नेलाच आहे.

आता आजचं. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून गावोगावच्या आशाताई. 2011 साली केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली. तिचं मूळ गडचिरोलीच्या 39 गावांत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हे चांगलं झालं. पण इंजेक्शन मात्र तिच्या पिशवीत आलं नाही. 2014 च्या सूचनांनी जेन्टामायसिन द्यायची परवानगी उपकेंद्राच्या नर्सबाईला दिली. म्हणजे दारात पोचणाऱ्या बाईकडे नजर आहे आणि औषध काही किलोमीटरवर आहे. भरपूर रस्ते असलेल्या तालुक्यात हे चालून जाईल. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या आतल्या गावांत, जुलै-ऑगस्टमध्ये, हे अंतर पुन्हा तेच जुनं अंतर होतं. नीट प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर अशा गावांपुरती तरी ही परवानगी आशाताईला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. या जिल्ह्यानं ते करून दाखवलेलं आहे.

आणि मोबदला. ऑनलाइन गेममध्ये हीलरची नेहमी टंचाई असते. सगळ्यांचं ओझं त्याच्यावर, पार्टी हरली की बोल त्यालाच, म्हणून ती जागा फार कमी लोक घेतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं 2011 साली एक सोय केली: ज्या भूमिकेची टंचाई असेल ती घेऊन जो उतरेल त्याला वेगळं बक्षीस. एका खेळाच्या कंपनीला हे कळलं. आपल्याकडे 2011 च्याच मार्गदर्शक सूचनांनी आशाताईच्या त्या सहा-सात भेटींचा मोबदला ठरवला. बाळाच्या वजनाची नोंद झालेली हवी, जन्माची नोंद झालेली हवी, पहिल्या लसी दिलेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. हे सगळं झालं, तर पंचेचाळिसाव्या दिवशी तिला एका बाळामागे मिळणारी रक्कम 250 रुपये ठरली.